जुन्या रुपयाचे मोल

टांकसाळ, सराफ आणि रुपया ही मंडळी मराठी माणसाच्या बोलण्यात किती खोलवर जाऊन बसली आहेत, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. माणूस सच्चा निघाला की आपण म्हणतो, ‘खणखणीत नाणे आहे.’ घराण्याच्या अब्रूला डाग लागला की नावाला बट्टा लागला म्हणतो. कुणाची परीक्षा पाहायची झाली तर त्याला कसोटीला लावतो. काही विकत घ्यायचे असले की वडीलधारी माणसे बजावतात, ‘वाजवून घे रे बाबा!’ ह्या बोलण्यामागे एक काळ उभा आहे. त्या काळी रुपया हातात आला म्हणजे रुपया मिळाला, असे नव्हते. तो पाहावा लागे, तोलावा लागे, दगडावर आपटून त्याचा नाद ऐकावा लागे. मग कुठे तो सोळा आण्यांचा ठरे, नाहीतर पंधराचा.

आज ती विद्या लोपली. पण प्रश्न राहिला आहे. वावर नांगरताना, विहीर खणताना, जुना वाडा उतरवताना एखादे चांदीचे नाणे निघते. कुठे आजीच्या पेटीत राणीछाप रुपये निघतात, कुठे देवघरातल्या डबीत. मग ते नाणे कुणीतरी शाळेत घेऊन येतो आणि विचारतो, ‘गुरुजी, हे केवढ्याचं?’ गुरुजींनाही ठाऊक नसते. ते म्हणतात, ‘सराफाला दाखव.’ सराफ ते तराजूत टाकतो, चांदीचा भाव लावतो, पैसे मोजतो. आणि नाणे मुशीत जाते.

ह्यात सराफाची लबाडी आहे असे मी म्हणत नाही. त्याचा धंदा चांदीचा; त्याने चांदीची किंमत दिली. पण जुन्या नाण्याला एक मोल नसते, तीन असतात. पहिले त्यातल्या चांदीचे, दुसरे त्याच्या प्रतीचे आणि तिसरे त्याच्या साक्षीचे. ही तिन्ही कशी ठरवावीत, ते आज आपण पाहू. आणि त्यासाठी फार दूर न जाता कारंज्याच्याच पेठेत उभे राहू.

कारंजा लाड आज वाशीम जिल्ह्यात आहे. १९९८ साली अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ते इकडे आले. नरसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून भाविक तेथे जातात. जैन मंदिरे आणि पोथ्यांचे भांडार म्हणून अभ्यासक जातात. कापसाची पेठ म्हणून व्यापारी जातात. मोगलाईत तर ही वऱ्हाडातली मोठी सधन पेठ होती. १६७० सालच्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी दुसऱ्यांदा सुरत लुटली, आणि त्याच साली पुढे मराठ्यांच्या फौजा कारंज्यावर आल्या. सोने, चांदी आणि उंची कापड मिळून सुमारे १ कोटी रुपयांची लूट ४ हजार बैलांवर नि गाढवांवर लादून नेली, असे जदुनाथ सरकारांनी लिहिले आहे. सुरतेपाठोपाठ कारंजा! एवढ्यावरून ह्या गावच्या सावकारीची कल्पना यावी.

अशा गावात रुपया एके ठिकाणचा नसतो. कापूस आणि कापड ज्या दिशेला जाई, त्या दिशेचा रुपया परत येई. त्या काळच्या कारंज्याच्या व्यापाऱ्यासमोर सुरतेच्या टांकसाळीचा रुपया पडला असेल, बुऱ्हाणपूरचा, औरंगाबादचा पडला असेल. कुणी शहाजहानचा, कुणी औरंगजेबाचा. सगळे चांदीचेच, पण सगळे सारख्या मोलाचे नव्हेत. येथूनच पारखीला आरंभ होतो.

रुपया हे नाव आणि त्याचे वजन पक्के केले ते सोळाव्या शतकात शेरशहा सूराने. त्याचा रुपया सुमारे १७८ ग्रेन, म्हणजे साडेअकरा ग्रॅमच्या आसपास भरे. मोगलांनी तेच माप पुढे चालवले. चांदीही चोख, शंभरात पंचाण्णव भागांहून अधिक. ठशांवर हातोडा मारून नाणे पाडीत. ठसा असे मोठा आणि चांदीची चकती लहान. त्यामुळे ठशावरचा सगळा मजकूर नाण्यावर कधी उतरतच नसे. एकावर बादशहाचे नाव येई तर टांकसाळीचे निम्मे कडेबाहेर जाई. दुसऱ्यावर टांकसाळ येई तर सालाचा एखादा आकडा जाई.

असा रुपया हाती आला की सराफ काय करी? आधी वजन. मग नाद. शंका वाटली तर कडेला छिन्नीने टवका काढून आतली चांदी पाही, किंवा नाणे तापवी. चांदीत तांबे फार असले तर तापवल्यावर ते काळे पडते. नाणे पसंत पडले की त्यावर आपल्या खुणेचा बारीक ठसा मारी. जुन्या मोगली रुपयांवर चांदणी, ठिपका, फूल अशा ज्या लहान लहान खुणा दिसतात, त्या ह्या सराफांच्या. आज त्या खुणांनी नाण्याची प्रत उतरते हे खरे. पण त्या काळी ती भरवशाची सही होती.

आणि एवढे होऊनही बट्टा असेच. रुपया जुना झाला की झिजतो, म्हणून जुन्या रुपयावर काही टक्के कमी धरीत. बंगालमधला कंपनीच्या आरंभीच्या काळातला हिशेब पाहण्याजोगा आहे. नवा शिक्का रुपया पहिले वर्ष पुऱ्या मोलाने चाले; दुसऱ्या वर्षी त्यावर शेकडा ३ बट्टा बसे; तिसऱ्या वर्षी शेकडा ५; मग त्याला ‘सनात’ म्हणत. म्हणजे ज्याच्या घरात १०० रुपये पुरून ठेवलेले, त्याचे न झिजताही ९५ होत! गरीब रयतेला हा जाच किती होई, ह्याचा विचार करा. शेवटी कंपनीने युक्ती केली. बादशहा शाहआलमच्या कारकिर्दीचे १९ वे वर्ष ठशावर कायम केले आणि पुढे कितीही वर्षे गेली तरी रुपयावर तेच साल ठेवले. साल जुने होईना, मग बट्टा कशाचा लावणार?

आपल्याकडे मराठेशाहीत रुपयांची जातच निराळी निराळी असे. पुण्याकडे अंकुशी, नाशिकच्या बाजूला चांदोरी, नागपूरकर भोसल्यांचा आणखी वेगळा. गंमत अशी की मराठ्यांच्या टांकसाळीतल्या ह्या रुपयांवरही सामान्यतः दिल्लीच्या बादशहाचेच नाव असे, कारण बाजारात त्या नावाची पत होती. म्हणून एखाद्या रुपयावर फारसी अक्षरे दिसली की ‘हा मोगली’ असे लगेच म्हणू नये. अंकुशासारखी बारीक खूण, टांकसाळीचे नाव, अक्षरांची धाटणी ह्यांवरून तो मराठ्यांचा ठरू शकतो. आणि तसा ठरला की त्याचे मोल बदलते.

हा सगळा गोंधळ मोडला तो १८३५ साली. ईस्ट इंडिया कंपनीने सगळ्या मुलखासाठी एकच यंत्रावरचा रुपया काढला. ‘कल’ म्हणजे यंत्र, म्हणून तो कलदार. किनारीला सारखे दाते, त्यामुळे कडेची चांदी कुणी कानसून घेतली तर लगेच कळावी. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. हे वजन नीट लक्षात ठेवा, कारण हाच आपला तोळा! आजीबाईच्या औषधात ‘रुपयाभार सुंठ’ असे येते, ते ह्याचमुळे. रुपया हे नाणेही होते आणि घरातले वजनही. वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून कंपनीच्या कारभाराखाली आले, आणि पुढे येथेही कलदाराचे राज्य झाले.

आता पहिले मोल, म्हणजे चांदीचे, कसे काढावे ते पाहू. शाळेतल्या सातवी-आठवीच्या मुलाला जमेल असा हा हिशेब आहे. १८३५ पासून १९३९ सालापर्यंतच्या कलदार रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी असे. ११.६६ ला ११ ने गुणून १२ ने भागा, १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी येते. १९४० सालच्या रुपयापासून, महायुद्धाच्या दिवसांत, चांदी निम्म्यावर आणली; वजन तेच, पण चांदी ५.८३ ग्रॅम. १९४७ सालचा रुपया निव्वळ निकेलचा, त्यात चांदी मुळीच नाही. म्हणजे एकाच सहाव्या जॉर्जच्या नावाच्या तीन रुपयांत तीन मोले आहेत, आणि ती ओळखायला फक्त साल वाचावे लागते. नाण्यातली शुद्ध चांदी ग्रॅममध्ये काढायची आणि त्या दिवसाच्या भावाने गुणायची. वितळवण्याची थोडी घट सराफ धरील, ते रास्त आहे. पण ह्या आकड्याच्या फार खाली कुणी मागत असेल, तर पुढल्या दुकानी जावे.

नाणे खरे चांदीचे आहे का, हे पाहण्याची एक युक्ती शाळेतल्या विज्ञानाच्या तासातच आहे. आर्किमिडीजचा सिद्धांत गुरुजी शिकवतात. तो येथे लावावा. बारीक तराजूवर रुपया तोला. मग दोऱ्याने बांधून पाण्यात बुडता टांगून पुन्हा तोला. चांगला झिजविरहित कलदार रुपया हवेत ११.६६ ग्रॅम भरला, तर पाण्यात सुमारे १.१३ ग्रॅमने हलका भरेल. निम्म्या चांदीचा रुपया सव्वा ग्रॅमच्या जवळपास हलका होईल. जर्मन सिल्व्हरचा बनावट रुपया, ज्यात चांदी नसतेच, तो त्याहूनही अधिक हलका होईल. लोहचुंबकाला चिकटला तर विचारच नको. चांदी चुंबकाला चिकटत नाही. ह्या परीक्षेत नाणे कापावे लागत नाही, घासावे लागत नाही, तापवावे लागत नाही.

दुसरे मोल प्रतीचे. एकाच सालाचे, एकाच टांकसाळीचे दोन रुपये. एक हातोहाती फिरून गुळगुळीत झालेला, दुसरा कोरा राहिलेला. चांदी दोन्हींत जवळजवळ सारखी, पण संग्राहक दुसऱ्याला पुष्कळ अधिक देतो. अमेरिकेत विल्यम शेल्डन नावाच्या गृहस्थाने १९४९ साली तेथल्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी १ पासून ७० पर्यंत गुणांची एक पट्टी बसवली. त्याची मूळ कल्पना सरळ होती. ओळखू येईल इतपतच उरलेल्या नाण्याला १ गुण; आणि निर्दोष नाण्याला ७०, कारण त्याची किंमत पहिल्याच्या सत्तर पट. पुढे किमतीचे ते प्रमाण टिकले नाही, पण पट्टी टिकली, आणि आज जगभर वापरतात. आपल्या सराफाचा बट्टा दोषापोटी वजा करी. शेल्डनची पट्टी गुणापोटी वाढवते. डोळा मात्र दोन्हींना सारखाच लागतो.

तो डोळा कसा तयार करावा? नाण्याचा जो भाग सर्वांत उंच, तो आधी झिजतो. म्हणून नजर तेथे टाकावी. १८६२ पासूनच्या राणीछाप रुपयावर मुकुटाचे रत्नकाम आणि केसांच्या बटा पाहा. १९०३ पासूनच्या सातव्या एडवर्डच्या रुपयावर मुकुट नाही. तेथे कानावरचे केस आणि दाढी पाहा. पंचम जॉर्जच्या रुपयावर मुकुट आणि अंगावरच्या झग्याची नक्षी पाहा. मागच्या बाजूला वेलीची पाने असतात, त्यांच्या शिरा दिसतात का ते बघा. चेहरा नुसताच सपाट उमटला असेल, अक्षरे तेवढी वाचता येत असतील, तर प्रत साधारण. चेहऱ्याचे अवयव स्पष्ट, पण केस एकजीव झालेले, तर चांगली. केस वेगवेगळे मोजता येतात, मुकुटातले मणी दिसतात, तर उत्तम. आणि नाणे कधी व्यवहारात फिरलेच नसेल, टांकसाळीतली मूळ झळाळी त्यावर असेल, तर ती कोरी प्रत. नाणे उजेडात धरून हळूहळू फिरवावे. कोऱ्या नाण्यावर उजेडाचा पट्टा गोल फिरतो, घासून चकचकीत केलेल्यावर फिरत नाही.

येथेच आपल्या घरातली मोठी चूक सांगितली पाहिजे. लक्ष्मीपूजनाच्या आधी माय-माउली पेटीतले रुपये काढतात आणि चिंच, राख, रांगोळी लावून लख्ख घासतात. भक्तिभाव मोठा, पण नाण्याची प्रत त्यात जाते. चांदी हवेतल्या गंधकाच्या अंशाने काळवंडते; तो काळसरपणा नाण्याला बाधत नाही, उलट वरचे बारीक काम झाकून राखतो. राखेने मात्र ते काम खरवडून निघते आणि पुन्हा येत नाही. पूजा अवश्य करावी, नाणी साध्या पाण्याने धुऊन मऊ फडक्याने टिपून घ्यावीत, चोळू नयेत. तसेच माळेसाठी ज्या रुपयाला कडी डाखून बसवली, किंवा भोक पाडले, त्याची प्रत गेली. अशा रुपयाला बहुधा चांदीचेच मोल उरते. पण ती माळ पणजीची असेल, तर माळ म्हणून ती जपावी. तिचा हिशेब सराफाने करायचा नाही, घरच्यांनी करायचा.

मोगली आणि मराठी रुपयांची प्रत मात्र निराळ्या रीतीने पाहतात. तेथे झिजेपेक्षा मजकूर महत्त्वाचा. टांकसाळीचे नाव पुरते आहे का, हिजरी साल आणि राज्यवर्ष दोन्ही वाचता येतात का, सराफांच्या खुणा मोक्याच्या अक्षरांवर तर बसल्या नाहीत ना, हे पाहायचे. एका बाजूने झिजलेला, पण दुर्मीळ टांकसाळीचे नाव पुरते दाखवणारा रुपया, हा सुरतेच्या झकपक रुपयाला मागे टाकील.

प्रतीबरोबर विरळपणाही पाहावा लागतो. पुष्कळांना वाटते, जितके जुने तितके महाग. तसे नाही. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीच्या रुपयांची एवढी टंचाई झाली की अमेरिकेने १९१८ साली पिटमन कायदा करून सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले, आणि त्यांतली बहुतेक चांदी आपल्याकडच्या रुपयांसाठी आली. म्हणून १९१८ ते १९२० चे रुपये आजही रग्गड सापडतात. त्याउलट १९११ सालचा पंचम जॉर्जचा रुपया पाहा. राजाच्या झग्यावरचा हत्ती इतका बेंगरूळ उमटला की लोकांना तो डुक्कर वाटला. बोभाटा झाला, नाणी परत घेतली, बहुतेक वितळवली, आणि १९१२ साली हत्ती सुधारून घेतला. म्हणून १९११ चा रुपया १९१२ च्याहून मोलाचा. तसेच १८६२ हे साल ठशावर १८७४ पर्यंत कायम होते. नंतरच्या वर्षांच्या नाण्यांवर बारीक ठिपके देऊन फरक केला आहे. ठिपके मोजणारा माणूस ढिगातूनही विरळ नाणे निवडतो.

आणि जेथे विरळपणा, तेथे बनावट आलीच. १९३९ सालचा चांदीचा रुपया फार दुर्मीळ. म्हणून १९३८ च्या रुपयातला ८ कोरून ९ करणारे कारागीर निघाले. साचा ओतून केलेल्या खोट्या नाण्यावर सुईच्या टोकाएवढे खड्डे असतात, अक्षरांच्या कडा मऊ असतात आणि किनारीवर जोडाची रेघ दिसते. भिंगातून पाहिले की हे सारे कळते. खेड्यापाड्यांत आणखी एक प्रकार फिरतो: ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, १८१८ साल आणि राम-हनुमान कोरलेले ‘चमत्कारी’ नाणे. ते तांदूळ ओढते म्हणून लाखांची बोली सांगतात. श्रोते हो, कंपनीने असे नाणे चलनात कधी आणले नाही आणि कोणतेही नाणे तांदूळ ओढीत नाही. ज्यांनी ह्या नादात शेत गहाण टाकले, त्यांची घरे बसली. जुन्या नाण्यासाठी मोठी रक्कम देतो, आधी कमिशन भरा, असे कुणी रिझर्व्ह बँकेच्या नावाने सांगत असेल, तर तेही खोटे. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्वतःच लोकांना तसे बजावले आहे.

आता तिसरे मोल. हे तराजूत भरत नाही आणि भिंगातही पुरते दिसत नाही. त्यासाठी दोन गोष्टी सांगतो.

कारंज्याच्या शेजारीच मंगरूळपीर तालुका. त्यात तऱ्हाळा नावाचे गाव. १९३९ साली तेथे नाण्यांचा एक साठा सापडला. दीड हजारांवर नाणी होती, पण चांदीची नव्हेत. तांबे, कथील, शिसे ह्यांच्या मिश्रणाची, ज्याला पोटीन म्हणतात. एका बाजूला सोंड उंचावलेला हत्ती आणि ब्राह्मी अक्षरे. सराफाने त्यांना मोडीचा भावही जेमतेम दिला असता. ती नाणी नागपूरचे विद्वान वासुदेव विष्णु मिराशी ह्यांच्या अभ्यासाला आली. त्यांनी अक्षरे वाचली, तेव्हा सातवाहन राजांची एक रांगच उभी राहिली: गौतमीपुत्र सातकर्णी, पुळुमावी, यज्ञ सातकर्णी, आणि त्यांत कुंभ, कर्ण, शक अशी नावे, ज्यांचा पुराणांतल्या राजांच्या यादीत पत्ता नव्हता. ग्रंथांना ठाऊक नसलेले राजे वऱ्हाडातल्या एका गावच्या मातीने परत दिले. मोडीत शून्य, इतिहासात अनमोल!

दुसरी गोष्ट चांदीची. नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी गावी १९०६ साली चांदीच्या लहान नाण्यांचा प्रचंड साठा निघाला. तपासलेली नाणी १३ हजार २५० च्या घरात. ती क्षहरात क्षत्रप नहपान ह्याची. पण त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाच्या मुखवट्यावरच दुसरा ठसा ठोकलेला होता. तो होता गौतमीपुत्र सातकर्णीचा. प्रतीच्या पट्टीने पाहिले तर हे नाणे बिघडलेले: चेहरा चेपलेला, अक्षरे एकमेकांवर चढलेली. सराफ म्हणेल, ‘खराब आहे, वितळवा.’ पण तो बिघाडच साक्ष देतो. गौतमीपुत्राने क्षहरातांचे कूळ निर्मूळ केले असे नाशिकच्या लेण्यातला शिलालेख सांगतो. त्या विजयाची पावती ह्या दुहेरी ठशात आहे. हरलेल्या राजाचा पैसा जिंकलेल्याने आपल्या नावाने पुन्हा चालवला. साठा फुटून चार दुकानी मुशीत गेला असता, तर चांदी राहिली असती आणि साक्ष गेली असती.

ह्या दोन्ही ठिकाणी मोल एकेका नाण्याचे नव्हते, साठ्याचे होते. कोणती नाणी कोणत्या नाण्यांबरोबर सापडली, कुठे सापडली, किती सापडली, ह्यावरून इतिहास उभा राहतो. भांडे फुटले, नाणी वाटून घेतली, प्रत्येकाने वेगवेगळी विकली, की तिसरे मोल कायमचे बुडते. मागून कितीही पैसे दिले तरी ते परत विकत घेता येत नाही.

म्हणून जमिनीत काही सापडले तर काय करावे, तेही सांगतो. १८७८ सालचा निखात निधीचा कायदा आहे. जमिनीत पुरलेली, १० रुपयांपेक्षा अधिक मोलाची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवले पाहिजे. लपवले तर हक्क जातो आणि शिक्षाही होते. लोक घाबरतात की सरकार सगळे घेऊन जाईल. कायदा तसे म्हणत नाही. सरकारला तो निधी हवा असेल, तर त्यातल्या द्रव्याचे मोल आणि त्यावर एक-पंचमांश अधिक देऊन घेण्याची तरतूद त्यात आहे. मालकाचा माग लागला नाही तर शोधणाऱ्याला हक्क पोचतो. जमीनधन्याचा दावा सिद्ध झाला आणि दोघांत आधी ठराव नसला, तर तीन-चतुर्थांश शोधणाऱ्याचे. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते. ती खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही, आणि तिचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो.

जे नाणे घरचेच आहे, पेटीतले आहे, ते विकायचे की राखायचे हा ज्याचा त्याचा प्रश्न. मुलीचे लग्न, दवाखाना, बियाणे. गरज दारात उभी असते तेव्हा इतिहास सांगून पोट भरत नाही, हे मला ठाऊक आहे. एवढेच सांगणे की विकण्याआधी तिन्ही मोले विचारा. साल वाचा, वजन घ्या, भिंगातून बघा, ओळखीच्या गुरुजींना दाखवा. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला आपण अजब बंगला म्हणतो, ते १८६३ पासूनचे आहे. नाशिकजवळ अंजनेरीला १९८० साली स्थापन झालेली नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. तेथे नाणे वाचणारी माणसे असतात.

गुरुजनांना एक विनंती आहे. शाळेत एक साधी वही करावी. गावात कुणाकडे जुने नाणे असेल तर मुलाने त्याचे वजन, साल, दोन्ही बाजूंचे वर्णन आणि ते कुठून आले एवढे त्यात लिहावे. नाणे ज्याचे त्याला परत द्यावे. पातळ कागद नाण्यावर ठेवून शिसपेन्सिल हलक्या हाताने फिरवली की छापही उमटतो. फारसी वाचता आले नाही तरी चालेल; छाप नीट असला तर वाचणारा पुढे भेटेल. नाणे उद्या विकले गेले, तरी त्याची साक्ष वहीत राहील.

कारंज्यालाच ह्याचा दाखला आहे. तेथल्या जैन भांडारांतल्या पोथ्या पिढ्यान्पिढ्या कुणी वाचल्या असतील, नसतील. पण वेष्टनात बांधून, उन्हे देऊन त्या राखल्या. १९२६ साली रायबहादूर हिरालाल ह्यांच्या सूचीत त्यांची नोंद झाली, आणि पुढे डॉ. हिरालाल जैन ह्यांनी त्यांतले अपभ्रंश ग्रंथ संपादून प्रसिद्ध केले. राखणारे वेगळे, वाचणारे वेगळे. मध्ये कित्येक शतके गेली. राखणाऱ्यांनी त्या पोथ्या रद्दीच्या भावाने मोजल्या असत्या, तर वाचणाऱ्यांच्या हाती काहीच आले नसते.

तेव्हा श्रोते हो, पुढे कधी वावरात नांगराच्या फाळाला चांदी लागली, तर आधी ती राखेने घासू नका आणि लगेच तराजूतही टाकू नका. मातीसकट फडक्यात बांधा, जागा लक्षात ठेवा आणि कळवा.